सकाळचे २० ग्रॅम : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार, नाशिक

याला प्रकल्प म्हटलं म्हणून लेक फोनवर हसली. हसू दे. एकतीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात काढली, आता नोंद न ठेवता साधा चहाही जमत नाही. म्हणून ही दोनशे पानी वही.

झालं असं की जानेवारीत ही मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण हात अजून आखडलेला आहे. लाटणं नाही, विळी नाही, डब्याचं झाकणसुद्धा फिरत नाही. तेव्हा स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं, किंवा मी त्याच्या. परवा आहारतज्ज्ञ बाईंनी किडनीसकट सगळे रिपोर्ट बघून सांगितलं की वय ६१, वजन ५४ किलो, हाड भरून यायचंय, तर रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. आणि ती एकाच जेवणात कोंबायची नाहीत, तिन्ही वेळांत वाटून. राष्ट्रीय पोषण संस्थेचा धडधाकट माणसासाठीचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. त्या हिशेबानं हिला ४५ पुरले असते. वरचे पंधरा मनगटाचे.

अडचणी अशा : ही अंडं खात नाही. पनीरला "रबर" म्हणते. लेकीनं पाठवलेल्या पावडरच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि डबा माझ्याकडे सरकवला. "अहो, हे तुम्हीच प्या. मला काय पैलवान व्हायचंय?"

तिच्या अटी दोन. नाश्ता नाश्त्यासारखा लागला पाहिजे. आणि हात मोडला म्हणून उन्हाळ्यातली कुल्फी बंद होणार नाही.

५ मार्च, बुधवार

सुधारणा करण्याआधी आहे ते मोजायचं, हा पहिला नियम. डिजिटल काटा माळ्यावरून काढला (लेकीच्या केकच्या छंदाचा अवशेष). हिच्या रोजच्या कांदेपोह्यांच्या बशीत कोरडे पोहे ६० ग्रॅम बसतात. हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०१७ साली छापलेले अन्नघटकांचे तक्ते लेकीनं मोबाइलवर पाठवलेत. त्यात पोह्यांत शंभराला साडेसात ग्रॅम प्रथिनं, म्हणजे इथे साडेचार. दहा ग्रॅम शेंगदाण्यांचे अडीच. चहातल्या दुधाचे अडीच. एकूण साडेनऊ.

दुपारी वरण-भात, उसळ, ताक. रात्री भाकरी-पिठलं. तिथे गाडी बरी आहे. भोक आहे ते सकाळी. लक्ष्य ठरवलं : सकाळचे २०.

८ मार्च, शनिवार

ट्रायल १. हिरव्या मुगाची धिरडी. अख्खे मूग ६० ग्रॅम आणि तांदूळ १० ग्रॅम रात्री भिजवले, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटले. पहिलं धिरडं तव्याला असं चिकटलं की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. दुसरं फाटलं. तिसरं मी उभ्यानं खाल्लं.

ही खुर्चीवर बसून सगळं बघत होती. बोलायची नाही असं ठरवलं असावं, कारण तिसऱ्यापर्यंत थांबली. मग म्हणाली, "पीठ किती पातळ केलंत? त्यात मासे सोडायचेत का?"

चूक कळली. भिजलेल्या मुगांनी आधीच आपल्या वजनाइतकं पाणी प्यालेलं असतं, त्यात मी मिक्सर फिरेना म्हणून आणखी वाटीभर ओतलं.

९ मार्च, रविवार

ट्रायल २. वाटताना फक्त चार चमचे पाणी, तेही मध्ये मध्ये थांबून. बिडाचा तवा चांगला तापवला, पाण्याचा हबका मारला, चुर्र झालं की अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला (ही युक्ती तिची), मग आच कमी करून पीठ टाकलं. गरम तव्यावर पीठ पसरत नाही, गोळा होतं. गार तव्यावर चिकटतं. मधला क्षण पाण्याच्या आवाजावरून ओळखायचा. आमच्या खात्यात याला गेज म्हणाले असते.

कडा सुटल्या, वरचा ओलेपणा गेला, उलटलं. जाळी पडली! तीन धिरडी, शेंगदाण्याची दह्यातली चटणी. मूग साडेतेरा, तांदूळ पाऊण, चटणीतले १५ ग्रॅम दाणे साडेतीन, दही दीड, चहा अडीच. जवळजवळ २२. पास.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरणपोळी. हरभऱ्याची डाळ आहे म्हणून हिशेब लावायला गेलो तर हिनं वही ओढून घेतली. आज नोंद नाही.

१६ मार्च, रविवार

शेजारच्या काकू काल सांगून गेल्या की मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात. मी तसं कुठे वाचलेलं नव्हतं, म्हणून मोजून बघितलं. मूग १०० ग्रॅम. दहा तास भिजल्यावर २०५. फडक्यात बांधून बोटाच्या पेराएवढे मोड आल्यावर २३०. आता आतली प्रथिनं तेवढीच आहेत, बाहेरून आत गेलं ते फक्त पाणी. उलट मोडाची उसळ १०० ग्रॅम घेतली तर त्यात मूळचे मूग ४३ ग्रॅमच, म्हणजे दहा ग्रॅम प्रथिनं. कोरड्या मुगाचा आकडा वाचून वाटीभर मोड खाणाऱ्याची निम्म्याहून जास्त फसगत होते.

मोडांचा उपयोग नाही असं नाही. सी जीवनसत्त्व तयार होतं, पोटालाही हलके. पण ग्रॅम मोजायचे तर कोरड्यावर मोजायचे. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं : पाणी वजा करा.

काकूंना हे सांगितलं नाही. त्या रोज ताक आणून देतात.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या, आम्ही टीव्हीवर बघितल्या. सकाळी मात्र इडलीची बॅच पूर्ण रिजेक्ट.

तांदूळ कमी आणि डाळ जास्त केली की झालं, असा माझा साधा विचार. तांदूळ एक, उडीद डाळ एक, मूग डाळ दोन. पीठ फुगलं, पण साच्यात घातल्यावर बसलं. इडल्या नव्हत्याच त्या, टिकल्या होत्या, आणि आतून चिकट. ही म्हणाली की तांदूळ नुसता भरतीला नसतो, त्याच्या रव्यानं इडली उभी राहते. आणि उडदाला जो चिकट बुळबुळीतपणा असतो तो आंबताना तयार झालेला वायू धरून ठेवतो. मुगाला ते जमत नाही. म्हणजे मूग पाहुणा, घरचे दोघे तांदूळ आणि उडीद.

२२ तारखेला परत केली : तांदूळ दोन, उडीद एक, मूग डाळ एक. छान फुगल्या. नेहमीच्या तीनास एक प्रमाणात कोरड्या पिठाला शंभरामागे पावणेबारा ग्रॅम पडतात, इथे पावणेसोळा. फरक फार मोठा नाही, पण जिभेला कळला नाही, हेच महत्त्वाचं.

२३ मार्च, रविवार

पारा चढलाय. हिनं कुल्फीची आठवण करून दिली, तीन वेळा.

थंड विभाग, ट्रायल १. घरचं दही ५००, पिकलेली दोन केळी, मध दोन चमचे. मिक्सरमधून काढून स्टीलच्या डब्यात, डबा फ्रीजरमध्ये. रात्री नऊला काढला. चमचा वाकला. सुरीनं टोक काढलं तर बर्फाचे पापुद्रे निघाले, मध्ये मध्ये दह्याची आंबट चव. हिनं एक तुकडा तोंडात धरला, चघळला, आणि म्हणाली, "गारीगार आहे हो. पण कुल्फी नाही."

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. दह्यात शंभरातले ऐंशीपेक्षा जास्त भाग पाणी. घरचा फ्रीजर गोठवायला तासन् तास घेतो, आणि जितकं सावकाश गोठेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. जिभेला टोचतात ते तेच. पुन्हा पाणी!

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी मी उभारली, कडुनिंब-गूळ तिनं डाव्या हातानं कालवला. श्रीखंड घरीच. म्हशीच्या दुधाचं दही एक किलो काल रात्री पंचात बांधून फ्रीजमध्ये टांगलं होतं (उन्हाळ्यात बाहेर टांगलं की आंबट होतं). सकाळी पंचातला चक्का ३९० ग्रॅम, खालच्या पातेल्यात ६०० ग्रॅम पाणी. दूध आधी उकळलेलं असल्यानं बहुतेक प्रथिनं चक्क्यातच राहतात, म्हणजे शंभराला आठेक ग्रॅम. साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त.

मुद्दा वेगळाच आहे. जेवणानंतर उरलेलं श्रीखंड हिनं चुकून फ्रीजरमध्ये ठेवलं. संध्याकाळी काढलं, तर दगड झालेला नाही! चमचा थोडा जोर लावून आत जातोय, तोंडात मऊ. मी उभ्या उभ्या चार चमचे खाल्ले आणि पाचवा नोंदीसाठी.

पाणी पंचातून गेलं होतं. राहिलेलं साखरेनं धरून ठेवलं होतं.

३१ मार्च, सोमवार

अपघात. चक्क्याचं ते ६०० ग्रॅम पाणी फेकवेना, त्यातही थोडी प्रथिनं असतात. तुरीची डाळ त्यातच लावली. पाच शिट्ट्या. झाकण उघडलं तर डाळ टणटणीत, दाणा न् दाणा वेगळा. आणखी चार शिट्ट्या, तरी तसंच.

ही हसून हसून खुर्चीवर मागे टेकली. "आंबट आधी घातलं की डाळ शिजत नाही. म्हणून चिंच मागून घालतात. हे तुमच्या तक्त्यात नाही का?"

तक्त्यात नाही. उरलेल्या पाण्यात थालीपीठ भिजवलं, ते उत्तम झालं.

३ एप्रिल, गुरुवार

साखर नेमकं काय करते हे बघायला एकाच चक्क्याचे तीन डबे केले, प्रत्येकी १०० ग्रॅम. पहिला बिनसाखरेचा, दुसऱ्यात १० ग्रॅम साखर, तिसऱ्यात २५. रात्रभर फ्रीजर. सकाळी तिन्ही ओट्यावर मांडून घड्याळ लावलं, चमचा सहज जाईपर्यंत. तिसरा ६ मिनिटं. दुसरा १५. पहिल्यात २६ मिनिटांनी चमचा गेला, पण तोवर कडेला पाणी सुटलेलं आणि मध्ये गाठ.

म्हणजे साखर नुसती गोडीला नसते. विरघळलेली साखर पाण्याला शून्याखालीही पूर्ण गोठू देत नाही, म्हणून पदार्थ मऊ राहतो. "शुगर फ्री" घरगुती आइस्क्रीम विटेसारखं का होतं याचं उत्तर या तीन डब्यांत आहे. हिची साखर ठीक आहे, तेव्हा दहा आणि पंचवीसच्या मध्ये कुठेतरी थांबायचं. खजूर वाटून घातला तरी चालतो, त्याचीही साखरच. फक्त रंग चिखलासारखा येतो.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

उपवास. काळाराम मंदिरात गर्दी असणार म्हणून गेलो नाही, हात कुणाचा लागायला नको.

उपवास हा या प्रकल्पाचा शत्रू आहे हे आज कळलं. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. भगरीत जरा बरं. मग राजगिऱ्याचं पीठ ५० ग्रॅम, उकडलेला छोटा बटाटा, दाण्याचा कूट २० ग्रॅम अशी थालीपिठं, सोबत गोड न घातलेला चक्का १०० ग्रॅम, त्यात जिरं-मीठ. राजगिरा सातेक, कूट पावणेपाच, चक्का आठ. जवळपास २०. उपवासाच्या दिवशी!

हिनं दुसरं थालीपीठ मागून घेतलं. शेजारी पाठवलेलं ताटही रिकामं परत आलं.

१३ एप्रिल, रविवार

भाजणी. हा विषय नाजूक आहे, कारण प्रमाण हिच्या आईचं. ज्वारी आणि बाजरी अर्धा अर्धा किलो, तांदूळ पाव, हरभरा डाळ पाव, उडीद डाळ आधपाव, धणे-जिरं अंदाजानं. मी वहीत मांडलं : शंभराला तेरा ग्रॅमच्या जरा खाली. मग विचारलं, तांदूळ काढून टाकू का?

"आणि घालणार काय?"

हरभरा डाळ दुप्पट, आणि सोयाबीन २०० ग्रॅम. सोयाबीन म्हटल्यावर तोंड वाकडं झालं. पण डाळ आणि धान्य एकत्र असण्यात आजीच्या भाजणीचं शहाणपण आधीच होतं. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो धान्य भरून काढतं. मी फक्त तराजूचं एक पारडं जरा खाली दाबतोय, असं म्हटल्यावर परवानगी मिळाली.

पहिल्यांदा सोयाबीन कमी भाजलं गेलं. गिरणीतून आल्यावर पिठाला कच्च्या शेंगेचा वास. सोयाबीन कच्चं ठेवायचं नाही, हे वासापुरतं नाही. त्यातला एक घटक प्रथिनं पचण्याच्या आड येतो, तो उष्णतेनंच निकामी होतो. ती पाव किलो भाजणी मंद आचेवर पुन्हा भाजली, पण वास पुरता गेला नाही. दुसऱ्या खेपेला साल तडकून दाण्याचा रंग बदामी होईपर्यंत, अर्धा तास, न कंटाळता हलवत भाजलं. गिरणीवाल्यानं बजावलं, "काका, सोयाबीन एकटं टाकू नका, तेल सुटतं, दगडाला बसतं. ज्वारीत मिसळून द्या." पन्नाशीतला माणूस मला काका म्हणाला याची वेगळी नोंद.

नवी भाजणी : शंभराला सतरा. दोन थालीपिठांना ८० ग्रॅम लागते, वर दह्याची वाटी. चव? हिनं पहिला घास घेऊन डोळे मिटले. मी काट्याकडे बघत राहिलो. "आईच्यापेक्षा जरा खरपूस आहे," म्हणाली. एवढं पुरे.

२० एप्रिल, रविवार

कुल्फी, खरी. म्हशीचं दूध एक लिटर, लोखंडी कढईत, कडेची साय खरवडून आत ढकलत आटवलं ४५० मिलिलिटरवर. एक तास दहा मिनिटं लागली. आटवणं म्हणजे काय, तर पुन्हा तेच, पाणी घालवणं. लिटरातले ३७ ग्रॅम प्रथिनं तिथेच, जागा निम्म्याहून कमी. ७० ग्रॅम साखर, वेलची. आठ साचे, प्रत्येकी साडेचार ग्रॅमच्या वर.

मग हाव सुटली. निम्म्या मिश्रणात सायविरहित दुधाची पावडर ३० ग्रॅम घातली. त्या चार कुल्फ्या सातवर गेल्या. पहिल्या दिवशी झकास. आज पाचव्या दिवशी (ही ओळ २५ तारखेची) तीच कुल्फी जिभेवर बारीक वाळूसारखी लागतेय. बर्फ नाही तो, बर्फ वितळतो. ही दुधातली साखर, लॅक्टोज. पावडरमध्ये ती निम्मी असते, पाण्यात फार विरघळत नाही, आणि थंडीत सावकाश स्फटिक होऊन बाहेर पडते. तेव्हा पावडर लिटरमागे २५ ग्रॅमच्या पुढे न्यायची नाही, आणि कुल्फी चार दिवसांत संपवायची. दुसऱ्या अटीवर घरात कुणाचाही आक्षेप नाही.

लेकीच्या त्या डब्यातली पावडरही एका साच्यात घालून बघितली. खडू.

२७ एप्रिल, रविवार

आजवरची सगळ्यात चांगली बॅच, आणि ती चिवड्याच्या डब्यातून आली. डाळं (चिवड्यात घालतो ते भाजके) मिक्सरमध्ये फिरवून चाळून घेतलं, ५० ग्रॅम. चमचाभर तुपावर दोन मिनिटं परतलं. गार दुधात कालवून आटत आलेल्या दुधात सोडलं आणि चार-पाच मिनिटं शिजू दिलं. दूध या वेळी ६०० वरच थांबवलं, कारण डाळ्यातलं स्टार्च शिजलं की पाणी धरून बसतं, आणि धरलेलं पाणी मोठे स्फटिक करत नाही. गॅस वाचला, वेळ वाचला, वाळू नाही. साखर ६०, पावडर २५, वेलची, जायफळ. दहा साचे. हिशेब : दूध ३७, डाळं ११, पावडर ९, एकूण ५७. कुल्फीमागे पावणेसहा.

तुलनेसाठी : बाजारच्या आइस्क्रीमला अन्नसुरक्षेच्या नियमांत दुधाची प्रथिनं किमान साडेतीन टक्के लागतात, आणि एक लिटरचं वजन ५२५ ग्रॅम भरलं तरी नियमात बसतं. उरलेली जागा हवा. कुल्फी घुसळत नाहीत, म्हणून ती ठोस. आमच्या ६५ ग्रॅमच्या साच्यात ६५ ग्रॅम माल.

चव सांगायची तर बेसनाचा लाडू दुधात पडल्यासारखी. ही दुसरी मागणार हे आधीच दिसत होतं, साच्याच्या तळाशी अडकलेलं डाव्या हाताच्या करंगळीनं काढत होती.

तरी स्वतःला फसवायचं नाही. कुल्फी ही कुल्फीच. त्यात साखर आहे, साय आहे. दिवसाच्या साठातले पावणेसहा तिनं दिले तर आभार. ओझं वाहायचंय ते मुगानं आणि भाजणीनं.

१ मे, गुरुवार

गेल्या आठवड्याचे सकाळचे आकडे : २२, १९, १७, ९, २१, १८, २०. सरासरी १८. मधला ९ म्हणजे शनिवार. त्या दिवशी ही उठल्या उठल्या म्हणाली, "आज पोहे. नुसते. लिंबू, खोबरं. आणि वही आणायची नाही टेबलावर." आणली नाही. नंतर लिहिलं.

१४ मे, बुधवार

यंदा मे महिन्यातच पाऊस. काल संध्याकाळी वारा सुटला, वीज गेली, पाच तास. फ्रीजर उघडायचा नाही हे मला ठाऊक होतं. पण नातू परवाच पुण्याहून आलाय, वय नऊ, आणि त्याला दर अर्ध्या तासानं "वितळली का?" हे बघायचं होतं. वितळली.

वीज आली तशी परत गोठली, दिसायला जशीच्या तशी. सकाळी खाल्ली तर कराकरा. एकदा वितळून परत गोठताना बारीक स्फटिकांचं पाणी मोठ्या स्फटिकांना जाऊन चिकटतं. कारखान्यात याला रीवर्क म्हणायचे, आणि रीवर्कचा माल ग्राहकाला द्यायचा नसतो. चार साचे मिक्सरमधून काढून दुधात मिसळले, पेल्यात ओतले, वर डाळं-बदामाचा चुरा. नातवानं त्याला मस्तानी म्हटलं. आपण कशाला खोडून काढा!

१८ मे, रविवार

हातानं फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट. काकूंच्या माळ्यावर पंचवीस वर्षं पडून होता. लाकडी बादली, आत पत्र्याचा उंच डबा, वर दात्यांचा दांडा. दाते गंजलेले होते, रॉकेल लावून मोकळे केले आणि गरम पाण्यानं दोनदा धुतले. बादली आधी तासभर पाणी भरून ठेवावी लागली, वाळून फटी पडल्या होत्या. लाकूड फुगल्यावर गळती थांबली.

मिश्रण : चक्का ४००, देवगड हापूसचा रस ४००, आटवलेलं दूध २००, साखर १२०, मीठ चिमूटभर. रस आटवून त्यातलं पाणी कमी करावं असा माझा प्रस्ताव होता. "हापूस शिजवणार?" एवढंच विचारलं गेलं. प्रस्ताव मागे.

बर्फाची अर्धी लादी गोणपाटात घालून नातवानं बत्त्यानं फोडली, निम्मी अंगणात उडाली. बर्फाचा थर, खडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, बर्फाला साधारण पाव भाग मीठ. कारखान्यातून निवृत्तीला मिळालेला थर्मामीटर खुपसला. शून्य. उणे चार. दहा मिनिटांनी उणे बारा. मीठ घातल्यावर आणखी गार कसं होतं, हे नातवाला पटेना. मिठानं बर्फ वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूनं ओढून घेतो, डब्यातल्या आमरसातूनही. त्यानं डब्याला बोट लावलं, ओरडला, आणि पटलं.

दांडा पहिली दहा मिनिटं सहज फिरला. मग जड. नातू दमला, मी दमलो. ही पायरीवर बसली होती, उठून आली. "सरका." उजव्या हातानं दांडा धरला. अकरा फेरे, सावकाश, ओठ दाबून. बाराव्याला थांबली, हात झटकला, मग डावा लावला. फिजिओथेरपीच्या बाई रबरी चेंडू दाबायला सांगतात तो रोज टाळते.

झाकण काढलं. फिरतं ठेवल्यानं स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळाला नव्हता. पिवळंधमक, घट्ट, पळीवरून सावकाश सुटणारं. हवा थोडी आत गेलेली, म्हणून हलकं. एक लिटरच्या जरा वर, वाटीत शंभर ग्रॅम, प्रथिनं साडेचारच्या आसपास. आकडा डाळ्याच्या कुल्फीपेक्षा कमी आहे. वहीत तसा लिहिला आणि दुसरी वाटी घेतली.

बादलीतलं खारं पाणी ओतायला मी कढीपत्त्याकडे निघालो तर मागून आवाज आला, "अहो, तिथे नको! मरेल तो." मोरीत ओतलं, मग मोरी दोनदा धुतली, कुणी घसरायला नको.

रात्री मूग भिजत घातले. नातू आहे म्हणून १६० ग्रॅम.